संयुक्त ऑनर्स पदवी : कील येथील प्रयोग आणि आपला 'डबल मेजर' यांची चिकित्सा

प्रास्ताविक

एकाच पदवीत दोन विषयांचा जवळजवळ सारख्या वजनाने आणि ऑनर्सच्या पातळीवर अभ्यास करण्याची सोय, अशी संयुक्त ऑनर्सची ढोबळ व्याख्या करता येईल. ब्रिटिश विद्यापीठांत ही सोय जुनी आहे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पदवी अभ्यासक्रम व श्रेयांक आराखड्याने 'डबल मेजर' या नावाने तिला औपचारिक स्थान दिले. महाराष्ट्रात नवी रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. तेव्हापासून प्राध्यापक-कक्षांत जी चर्चा ऐकू येते ती प्रायः श्रेयांकांच्या बेरजेची असते. मेजरचे किती, मायनरचे किती, ओपन इलेक्टिव्ह कोणी घ्यायचे, आणि या साऱ्यात आपल्या विभागाचा कार्यभार वाचतो की जातो, हे प्रश्न निकडीचे आहेत यात शंका नाही. परंतु त्यांच्या गर्दीत 'संयुक्त' या शब्दाचा विचार मागे पडतो. दोन विषय शिकवायला दोन विभाग असतात. त्या दोहोंमधली जोड कोणी शिकवायची, ती कोणाच्या वेळापत्रकात बसवायची आणि तिची परीक्षा कोणी घ्यायची, याचे उत्तर आराखड्यात सापडत नाही. प्रस्तुत लेखात या एका प्रश्नापुरती चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी इंग्लंडमधील कील येथील प्रयोग आधाराला घेतला आहे, कारण संपूर्ण संस्थाच दोन विषयांच्या ऑनर्स पदवीवर उभी करण्याचा इतका सलग प्रयत्न इंग्लंडमध्ये क्वचितच झाला असेल. त्या प्रयोगाच्या प्रवर्तकाचा आपल्या देशातील उच्च शिक्षणाशी प्रत्यक्ष संबंध आला होता, हे दुसरे कारण.

कीलची पार्श्वभूमी

नॉर्थ स्टॅफर्डशायर हा मातीच्या भांड्यांचा आणि कोळशाच्या खाणींचा प्रदेश. स्टोक-ऑन-ट्रेंट आणि आसपासच्या गावांत कामगारांच्या प्रौढशिक्षणाची परंपरा विसाव्या शतकाच्या आरंभापासून होती. आर. एच. टॉनी यांनी १९०८ मध्ये आपले प्रसिद्ध ट्युटोरियल वर्ग ज्या दोन गावी सुरू केले, त्यांपैकी एक याच भागातील लाँगटन होय. दिवसभर भट्टीवर राबलेली माणसे संध्याकाळी अर्थशास्त्रावर निबंध लिहीत, आणि इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांच्या सीमा त्या वर्गांत फारशा पाळल्या जात नसत. प्रश्न माणसांच्या जगण्यातून येत आणि मग ज्या शास्त्राची गरज पडेल ते शास्त्र बोलावले जाई. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे पुढे याच भागात दोन विषयांची पदवी का रुजली ते कळते.

या भागाला स्वतःचे विद्यापीठ असावे यासाठी एट्रुरियाचे धर्मगुरू व स्टोकच्या नगरपालिकेतील पुढारी थॉमस हॉरवूड यांनी खटपट केली, आणि तिला ए. डी. लिंडसे यांच्यासारखा पाठिराखा मिळाला. लिंडसे मूळचे ग्लासगोचे, तत्त्वज्ञानाचे अध्यापक; १९२४ पासून १९४९ पर्यंत ते ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयाचे प्रमुख होते. १९४९ साली 'युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ नॉर्थ स्टॅफर्डशायर' स्थापन झाले, १९५० मध्ये कील हॉल या जुन्या सरदारी वाड्यात आणि लष्कराने मागे ठेवलेल्या बराकींत पहिले विद्यार्थी आले, आणि लिंडसे हे पहिले प्राचार्य झाले. पुढे १९५२ मध्येच त्यांचे निधन झाले. १९६२ मध्ये या संस्थेला कील विद्यापीठ हे नाव व पूर्ण दर्जा मिळाला.

येथे एक बाब विशेष नोंदवण्याजोगी आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये नवे युनिव्हर्सिटी कॉलेज निघाले की त्याचे विद्यार्थी लंडन विद्यापीठाच्या बहिःस्थ पदवीची परीक्षा देत. अभ्यासक्रम लंडनचा, प्रश्नपत्रिका लंडनची, स्थानिक अध्यापकांनी फक्त शिकवायचे. लिंडसे यांनी ही वाट नाकारली. दोन विषयांची, चार वर्षांची, सामाईक पायाभूत वर्षाची पदवी दुसऱ्याच्या प्रश्नपत्रिकेवर चालवता येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. ऑक्सफर्ड, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम या तीन विद्यापीठांच्या पालकत्वाखाली कीलला प्रारंभापासूनच स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला.

संलग्न महाविद्यालयात शिकवणाऱ्यास यातील मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे १८५७ साली लंडनच्याच नमुन्यावर, परीक्षा घेणारी संस्था म्हणून निघाली. शिकवणे महाविद्यालयाकडे आणि पारखणे विद्यापीठाकडे ही वाटणी आपण तेथूनच घेतली. लिंडसे यांनी ही रचना प्रत्यक्ष पाहिली होती. भारतातील ख्रिस्ती उच्च शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष होते; १९३०-३१ मध्ये त्यांनी या देशातील महाविद्यालयांना भेटी दिल्या आणि १९३१ मध्ये आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. विद्यापीठीय परीक्षेच्या पकडीत सापडलेले महाविद्यालयीन अध्यापन हा त्या अहवालातील चिंतेचा एक विषय होता. (त्याच वर्षी गोलमेज परिषदेच्या निमित्ताने इंग्लंडला गेलेले गांधीजी ऑक्सफर्डला लिंडसे यांच्याच घरी उतरले होते.) कीलची सनद घडवताना लिंडसे यांच्या मनात भारतातील अनुभव होता असा दावा पुराव्याशिवाय करणे योग्य नव्हे. तथापि ज्या गोष्टीचा त्यांनी कीलमध्ये आग्रहाने अव्हेर केला, ती गोष्ट त्यांनी येथे भरात असताना पाहिली होती, एवढे निश्चित.

जोड कोठे होती?

कीलची पदवी चार वर्षांची होती. पहिले वर्ष पायाभूत. त्यात विज्ञानाचे आणि मानव्यविद्यांचे सर्व विद्यार्थी एकाच सभागृहात बसून विश्वाच्या उत्पत्तीपासून ग्रीक विचार, औद्योगिक क्रांती आणि समकालीन समाजापर्यंतची व्याख्याने ऐकत. वेगवेगळ्या विभागांचे अध्यापक आळीपाळीने व्याख्यान देत आणि त्यानंतर लहान गटांत चर्चा होई. उरलेल्या तीन वर्षांत विद्यार्थी दोन मुख्य विषय ऑनर्सच्या पातळीवर घेई आणि जोडीला दुय्यम विषय. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मानव्यविद्येचा आणि मानव्यविद्येच्या विद्यार्थ्याला विज्ञानाचा किमान एक विषय चुकवता येत नसे. विद्यार्थी आणि अध्यापक दोघेही आवारातच राहत.

कीलची जाहिरात दोन विषयांच्या ऑनर्सवर होत असे. परंतु बारकाईने पाहिल्यास असे दिसते की दोन मुख्य विषयांत जोड अशी नव्हतीच. विद्यार्थी वेळापत्रकाच्या मर्यादेत बहुतेक कोणतीही जोडी निवडू शकत असे. भूगोल आणि इंग्रजी, भौतिकशास्त्र आणि तत्त्वज्ञान, इतिहास आणि फ्रेंच, या जोड्यांमध्ये परस्परसंवाद होईल याची हमी अभ्यासक्रमाने दिलेली नव्हती. जोड होती ती पायाभूत वर्षात. तेथे रसायनशास्त्राचा अध्यापक इतिहासकाराचे व्याख्यान ऐकत बसे, कारण पुढच्या आठवड्यात त्याच विद्यार्थ्यांपुढे त्याला उभे राहायचे असे. अनेक विद्यार्थी या वर्षाअखेर आपला ठरवून आणलेला विषयच बदलत, आणि त्याचा पुढे विभागांच्या विद्यार्थिसंख्येवर परिणाम होई. विभागप्रमुखांना ही अनिश्चितता कितपत रुचली असेल याची कल्पना आपण सहज करू शकतो.

पायाभूत वर्षावर टीका झाली नाही असे नाही. सर्व ज्ञानाची एका वर्षात यात्रा घडवणे म्हणजे प्रत्येक तीर्थावर पाय बुडवून निघणे, हा आक्षेप त्या व्याख्यानमालेला लागू पडतो. शिवाय ती यात्रा युरोपचीच होती. कीलच्या त्या अभ्यासक्रमात आशिया आणि आफ्रिका प्रामुख्याने युरोपच्या इतिहासाचे टोक म्हणून येतात. हे दोष मान्य करूनही प्रस्तुत लेखकाला असे वाटते की त्या वर्षाने जे केले ते अन्य कोणत्याही घटकाने केले नाही. दोन विषयांना एका मनात नांदवण्याची सवय तेथे लागत होती.

म्हणूनच पुढे काय झाले ते उद्बोधक आहे. चार वर्षांची पदवी महाग होती. शेजारच्या विद्यापीठात तीन वर्षांत पदवी मिळत असताना चौथ्या वर्षाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न शासनाला आणि पालकांनाही पडू लागला. १९७० च्या दशकात कीलने तीन वर्षांची पदवी सुरू केली आणि चार वर्षांचा मार्ग हळूहळू ओसरला. १९८१ मध्ये ब्रिटनच्या विद्यापीठ अनुदान समितीने जी मोठी कपात केली, तिचा सर्वाधिक फटका बसलेल्या संस्थांत कीलची गणना होते. (आपला आयोग ज्या नमुन्यावर बेतला गेला ती हीच समिती.) या साऱ्या घडामोडींत दोन विषयांची ऑनर्स पदवी टिकली, ती कीलची ओळख म्हणून मिरवलीही गेली, गेले ते पायाभूत वर्ष. म्हणजे काटकसरीच्या वेळी विद्यापीठाने दोन्ही विषय राखले आणि जोड काढून टाकली. यात कोणाचे कपट नव्हते. विषयांना विभाग होता, विभागाला प्रमुख होता, प्रमुखाला समितीत जागा होती. जोडीला यांपैकी काहीच नव्हते.

ऑक्सफर्डचा वेगळा मार्ग

तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र यांची ऑक्सफर्डमधील १९२० ची संयुक्त पदवी कीलच्या नेमकी उलट आहे. तेथे मोकळी जोडी नव्हती, ठरवून जुळवलेले त्रिकूट होते. ग्रीक-लॅटिनच्या जुन्या पदवीतून राज्यकर्ते घडत. आधुनिक जगाच्या राज्यकर्त्यांना अभिजात भाषांऐवजी काय लागेल, या प्रश्नातून ही निवड झाली. तिच्यामागे एक युक्तिवाद होता आणि तो पटो वा न पटो, अध्यापकाला तो समोर ठेवून शिकवता येत असे. तरीही १९७० पासून विद्यार्थ्याला तिघांपैकी एक विषय पहिल्या वर्षानंतर सोडण्याची मुभा देण्यात आली. प्रत्येक शास्त्र इतके फुगले होते की तिन्हींना शेवटपर्यंत सारखा न्याय देणे कठीण झाले. आपल्या दृष्टीने यातील घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, ज्या जोडीमागे युक्तिवाद असतो तिचे दुखणे कोठे आहे ते तरी सांगता येते.

आपल्याकडील 'तीन युनिट'

डबल मेजर ही कल्पना महाराष्ट्रात २०२२ नंतर अवतरली असे मानणे बरोबर नव्हे. मुंबई विद्यापीठाच्या तृतीय वर्ष कला शाखेत एकाच विषयाच्या सहा प्रश्नपत्रिका किंवा दोन विषयांच्या तीन-तीन प्रश्नपत्रिका घेण्याची पद्धत अनेक वर्षे होती. 'सहा युनिट' आणि 'तीन युनिट' हे शब्द तेथील प्राध्यापकांच्या बोलण्यात रुळलेले आहेत. तीन-तीन प्रश्नपत्रिका घेणारा विद्यार्थी तत्त्वतः संयुक्त पदवीचाच विद्यार्थी होता. मग या पद्धतीची चर्चा संयुक्त पदवी म्हणून फारशी का झाली नाही? कारण ती जोडी कोणत्या विषयांची असावी हे पुष्कळदा महाविद्यालयात कोणते विभाग आहेत, कोणता तास कोणत्या तासावर येत नाही आणि कोणत्या विभागाला विद्यार्थी कमी पडतात यावर ठरे. इतिहास आणि राज्यशास्त्र एकत्र आले तरी दोन्हींच्या अभ्यास मंडळांची या निमित्ताने एकत्र बैठक झाल्याचे निदान प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही. विद्यार्थी दोन घरी जेवत होता आणि दोन्ही घरांना तो दुसरीकडे काय जेवला याचा पत्ता नव्हता.

दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणला. त्यात मुख्य विषय होता, दुसरा विषय होता आणि सर्वांसाठी ११ पायाभूत अभ्यासक्रमही होते. कीलशी असलेले हे बाह्य साम्य लक्ष वेधून घेते. मात्र कीलमध्ये पायाभूत वर्ष घडवायला स्वतः अध्यापक बसले होते, आणि दिल्लीत अभ्यासक्रम ज्या घाईने उतरला तिच्याविरुद्ध अध्यापकच रस्त्यावर आले. जून २०१४ मध्ये तो मागे घेण्यात आला.

नव्या आराखड्याचे गणित

आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. डबल मेजरसाठी दुसऱ्या मुख्य विषयाचे किमान ४० टक्के, म्हणजे ४८ श्रेयांक हवेत. त्याच आराखड्यात मायनर विषयासाठी २४ श्रेयांक सुचवले आहेत. मायनरला डबल मेजर करावयाचे तर त्या विषयाचे दुप्पट अध्यापन व्हावे लागते. महाराष्ट्रात तीन वर्षांचे १३२ श्रेयांक धरले तर ४० टक्क्यांचा आकडा ५३ च्या घरात जातो. हे वाढीव श्रेयांक कोठून आणावयाचे याच्या तांत्रिक वाटा निघू शकतात; कौशल्याचा एखादा अभ्यासक्रम त्या विषयाचा घ्यावा, काही श्रेयांक ऑनलाइन मिळवावेत, आणि शैक्षणिक श्रेयांक बँकेत ते जमा करावेत. परंतु ही सारी दुसऱ्या विषयाची भरती झाली. पहिला आणि दुसरा विषय एकमेकांना भेटतील असा एकही श्रेयांक या गणितात सक्तीचा नाही. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प अशी उभ्या स्तंभांची मोठी रांग आहे. 'जोड' नावाचा स्तंभ मात्र तीत नाही.

एक उदाहरण : मराठी आणि इतिहास

तात्त्विक चर्चा एखाद्या जोडीवर उतरवून पाहणे इष्ट होईल. मराठी आणि इतिहास ही जोडी ग्रामीण महाविद्यालयांतही सहज जमण्याजोगी आहे. समजा, दोन्ही विभागांच्या अभ्यासक्रमात सभासदाची बखर आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेलेली ही बखर मराठीच्या वर्गात गद्याचा नमुना म्हणून वाचली जाते. वाक्यांची लय, फारसी शब्दांचे मिश्रण, प्रसंग उभा करण्याची हातोटी, चरित्रनायकाचे चित्रण यांवर प्रश्न येतात. इतिहासाच्या वर्गात तीच बखर साधन म्हणून येते. लेखक घटनेला किती जवळ होता, कोणाच्या आज्ञेवरून लिहीत होता, पत्रव्यवहाराशी आणि परकीय नोंदींशी त्याचे कथन कोठे जुळते आणि कोठे फारकत घेते, हे तेथे तपासले जाते. पहिल्या वर्गात ज्या वर्णनाच्या रंगतीला गुण मिळतात, त्याच रंगतीविषयी दुसऱ्या वर्गात संशय घ्यायला शिकवले जाते. दोन्ही वर्गांत हुशार ठरलेला विद्यार्थी सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरे उत्तर लिहून मोकळा होतो. या दोन उत्तरांत विरोध आहे, आणि त्या विरोधातूनच खरा प्रश्न निघतो, हे त्याला सांगणारे कोणी नसते. अतिशयोक्ती हा बखरकाराचा दोष की त्या लेखनप्रकाराचा संकेत? संकेत असेल तर तो ओळखल्याशिवाय साधन म्हणून बखरीचे मोल ठरवता येईल काय?

हे काही परदेशातून आणावयाचे शहाणपण नव्हे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली आणि त्याच माणसाने ज्ञानेश्वरीची जुनी पोथी संपादित केली, शब्दांच्या व्युत्पत्ती लावल्या. त्यांच्या पुष्कळ व्युत्पत्ती आज मान्य नाहीत. तथापि कागदाचा काळ ठरवताना भाषेची साक्ष आणि शब्दाचा अर्थ लावताना दप्तराची साक्ष काढण्याची त्यांची पद्धत म्हणजे मराठी-इतिहास संयुक्त ऑनर्सचा पहिला तासच होय. मोडी वाचन, जुन्या कागदांची भाषा आणि साधनचिकित्सा यांची एक सामाईक प्रश्नपत्रिका दोन्ही विभागांनी मिळून काढली आणि तिसऱ्या वर्षी एकच लघुप्रबंध दोन मार्गदर्शकांकडे लिहायचा ठरवला, तर या जोडीला नावाप्रमाणे अर्थ येईल. त्यासाठी फार श्रेयांक लागत नाहीत, आठ-दहा पुरेत.

मंडळ, कार्यभार आणि जोडीची मालकी

मग अडचण कोठे आहे? ती विद्वत्तेत नसून कार्यालयीन रचनेत आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार चार विद्याशाखा आहेत, आणि त्यांतील चौथीचे नावच आंतरविद्याशाखीय अभ्यास असे आहे. परंतु तिच्या छत्राखाली शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता यांसारखे विषय बसवले आहेत. इतर तिघींत जे मावले नाही ते चौथीत, असा तिचा व्यवहारातला अर्थ झाला आहे. अभ्यास मंडळे मात्र विषयासाठी किंवा विषयगटासाठी असू शकतात. या 'विषयगट' शब्दाचा उपयोग करून मराठी-इतिहास, अर्थशास्त्र-राज्यशास्त्र किंवा भूगोल-अर्थशास्त्र अशा निवडक जोड्यांसाठी लहान संयुक्त मंडळे नेमण्याची सूचना विद्या परिषदेत येण्यास हरकत नसावी. सर्व विषयांच्या सर्व जोड्या मोकळ्या ठेवण्यापेक्षा अशा पाच-सहा जोड्या विचारपूर्वक उघडणे अधिक हिताचे ठरेल, असे कील व ऑक्सफर्ड यांची तुलना करता म्हणावेसे वाटते. यात विद्यार्थ्याचे स्वातंत्र्य आखडते हा आक्षेप रास्त आहे. मात्र ज्या महाविद्यालयात कला शाखेचे पाच-सहाच विभाग आहेत आणि त्यांतील दोन तासिका तत्त्वावर चालतात, तेथील विद्यार्थ्याला कागदावरचे स्वातंत्र्य नेमके किती मिळते, हेही विचारावयास हवे.

लहान विभागांच्या दृष्टीने तर हा अस्तित्वाचा प्रश्न आहे. तत्त्वज्ञान, मराठी, संस्कृत यांसारखे विषय एकट्या मेजर म्हणून घेणारे विद्यार्थी घटत असतील तर संयुक्त पदवी त्यांना तारू शकेल. त्याच पदवीत ते दुसऱ्याच्या पाठीशी टेकून उभे असलेले, भरतीचे विषय होऊन बसतील हीही शक्यता तितकीच आहे. यांपैकी काय घडेल हे बव्हंशी कार्यभाराच्या तक्त्यावर अवलंबून राहील. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला प्रत्यक्ष अध्यापनाचे १६ तास भरावे लागतात आणि पदे या तासांवर मोजली जातात. दोन अध्यापक एका वर्गात उभे राहून बखर शिकवू लागले तर तो तास मराठीचा की इतिहासाचा? आजच्या रीतीने तो एकाच विभागाच्या खाती पडेल, आणि दुसऱ्या विभागाचा अध्यापक तेथे हौसेने आलेला ठरेल. लघुप्रबंधाच्या दुसऱ्या मार्गदर्शकाचीही तीच गत. संयुक्त तास दोन्ही विभागांच्या कार्यभारात पूर्ण धरला जाईल, एवढी एक तरतूद विद्यापीठाच्या परिनियमात आणि पदनिश्चितीच्या शासकीय निकषांत झाली नाही, तर दोन विभागप्रमुख चांगल्या मनाचे असूनही वर्षअखेरीस तो तास आपापल्या विषयाकडे ओढतील. सहसंचालक कार्यालयाकडे जाणाऱ्या कार्यभाराच्या तक्त्यात आज विषयनिहाय रकाने असतात. दोन विषयांचा मिळून असा रकाना त्यात घालण्याची मागणी प्राध्यापक संघटनांनी आणि अभ्यास मंडळांनी चौथ्या वर्षाचे ऑनर्स वर्ग सर्वत्र भरण्यापूर्वी करावयास हवी.